सायलेन्सरला शोभेची टिप लावताना

प्रश्न: माझी आठ वर्षांची छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे. गाडी सुस्थितीत आहे, रंगही चांगला टिकला आहे. पण मागून पाहिले की बंपरखालून डोकावणारे, गंजलेले आणि खाली वाकलेले सायलेन्सरच्या नळीचे बारीक टोक डोळ्यांना खुपते. म्हणून मी ऑनलाइन एक चकचकीत क्रोम टिप, म्हणजे नळीच्या टोकावर चढवायचे शोभेचे तोंड, मागवली. तिचे बाहेरचे तोंड १०२ मिलिमीटरचे आहे आणि ‘३८ ते ६३ मिलिमीटरच्या कोणत्याही नळीला बसते’ असे खोक्यावर लिहिले आहे. बसवण्यासाठी तीन बोल्ट दिले आहेत. मित्र म्हणतो, बोल्टच्या भानगडीत न पडता सरळ वेल्डिंग करून टाक. भाऊ म्हणतो, टिपमुळे मायलेज घटेल. आवाज थोडा भारदस्त झाला तर मला आवडेलच. दुसऱ्या बाजूलाही तशीच टिप लावून गाडीला दोन सायलेन्सर असल्यासारखे दिसावे, असाही विचार आहे. घरात लहान मुले आहेत. काय करावे?

उत्तर: सप्रेम नमस्कार.

टिप हातात आल्याबरोबर ती चढवून न बसता आपण आधी विचारलेत, हे बरे झाले. खोक्यावरची माहिती वाचता ही टिप आपल्या गाडीसाठी योग्य नाही, आणि एकदा बोल्ट आवळून तिच्यावर ओरखडे उठले की ती परतही करता येत नाही. माझा सल्ला आधीच सांगून टाकतो. ही टिप परत करावी. आपल्या नळीच्या नेमक्या मापाची, साधारण ७० ते ७६ मिलिमीटर तोंडाची, स्टेनलेस स्टीलची दुहेरी भिंतीची टिप घ्यावी. ती वेल्डिंगऐवजी पट्टीच्या क्लॅम्पने बसवावी. आणि दुसऱ्या बाजूला काहीही लावू नये. आपली हौस रास्त आहे. आठ वर्षे नीट सांभाळलेल्या गाडीची मागची बाजू एका गंजक्या नळीमुळे उतरलेली दिसावी, हे खटकणारच, आणि योग्य टिपने हा दोष खरोखर जातो. मात्र टिपची शोभा तिच्या आकारात किंवा चकाकीत फारशी नसते. ती बंपरच्या कडेशी किती नेमकी जुळून बसली आहे यावरच सगळे ठरते, असे माझे ठाम मत आहे आणि पुढचे सगळे त्याच दृष्टीने लिहिले आहे.

प्रथम भावाची शंका दूर करू. इंजिनातून निघालेला वायू कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (वायूतले प्रदूषण कमी करणारा भाग) आणि सायलेन्सर पार करून शेवटच्या नळीत येतो, तोवर त्याच्या वाटेतला जवळजवळ सगळा अडथळा मागे पडलेला असतो. त्या नळीच्या बाहेरून चढवलेली, तिच्यापेक्षा रुंद तोंडाची टिप वायूला अडवत नाही, त्यामुळे मायलेज घटत नाही. आणि त्याच कारणाने इंजिनाची ताकदही वाढत नाही, जाहिरातीत काहीही म्हटलेले असो. टिपचे मागचे टोक नळीच्या आत घुसवण्याचा प्रकार असेल किंवा टिपच्या आत जाळी अथवा अरुंद नळी बसवलेली असेल, तरच वाट चिंचोळी होते. तशी टिप घेऊ नये, कारण प्रदूषण तपासणीच्या वेळी उपकरणाची सळी सुमारे ३०० मिलिमीटर आत सरकवावी लागते आणि आतली जाळी तिथेही आडवी येते.

आवाजाबद्दल आपल्याला थोडी निराशा पत्करावी लागेल. गाडीचा आवाज घडतो तो सायलेन्सरच्या पोटातल्या कप्प्यांत आणि छिद्रांच्या नळ्यांत. टिप हे त्यानंतरचे पोकळ टोक आहे. रुंद तोंडाची आणि पातळ पत्र्याची टिप लावली तर काही विशिष्ट वेगांवर ती पत्र्याच्या डब्यासारखी झणझणते, आणि तो आवाज भारदस्त मुळीच वाटत नाही. खरा भरदार आवाज हवा असेल तर सायलेन्सरच बदलावा लागतो. तसे करून ठरलेल्या मर्यादेपेक्षा आवाज वाढवणे बहुतेक देशांत नियमबाह्य आहे, शिवाय ज्यांच्या घरासमोरून आपण रोज जातो त्यांना तो त्रास निष्कारण सोसावा लागतो. आपण शोभेपुरताच विचार करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आता माप. टिप विकत घेताना निम्म्याहून अधिक चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. टिपला दोन व्यास असतात: मागच्या बाजूचा, म्हणजे ज्यात आपली नळी शिरते तो आतला व्यास, आणि पुढच्या तोंडाचा, म्हणजे जो मागून दिसतो तो. ‘अडीच इंची टिप’ एवढेच लिहिले असेल तर ते नेमके कोणत्या व्यासाबद्दल आहे हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्याला आधी हवा आहे नळीचा बाहेरचा व्यास. गाडी पूर्ण गार झालेली असताना, नळीच्या टोकापासून तीन-चार सेंटिमीटर आत, जिथे टिप बसणार आहे तिथला गंज वायर ब्रशने खरवडून काढावा. मग एक जाड दोरा त्या जागी एकदा घट्ट गुंडाळावा, जिथे वेढा पूर्ण होतो तिथे पेनाने खूण करावी आणि दोरा सरळ करून पट्टीवर मोजावा. समजा, लांबी १३२ मिलिमीटर भरली, तर तिला ३.१४ ने भागल्यावर नळीचा बाहेरचा व्यास ४२ मिलिमीटर निघतो. व्हर्नियर कॅलिपर मिळाला तर उत्तमच, पण नळी किंचित चेपून लंबगोल झाली असेल तर कॅलिपरने दोन दिशांनी मोजावे आणि मोठे माप धरावे. या ४२ मिलिमीटरच्या नळीला ४३ ते ४४ मिलिमीटर आतल्या व्यासाची टिप हवी. एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त मोकळीक असू नये.

‘३८ ते ६३ मिलिमीटर’ म्हणजे कोणत्याही नळीला बसणारी टिप माझ्या मते कोणत्याच नळीला नीट बसत नाही, त्याचे कारण या हिशोबातच आहे. ६३ मिलिमीटरची नळी आत जावी म्हणून तिचा आतला व्यास ६४-६५ मिलिमीटर ठेवावाच लागतो. तिच्यात ४२ मिलिमीटरची नळी घातली की चहूबाजूंनी अकरा मिलिमीटरची पोकळी उरते, आणि सगळी टिप तीन बोल्टांच्या टोकांवर तोललेली राहते. गाडी खड्ड्यातून गेली, नळी तापली-निवली, एखादा बोल्ट अर्धा आटा सैल झाला की टिप एका बाजूला कलते. तिरकी टिप गंजक्या नळीपेक्षा वाईट दिसते, कारण तिच्याकडे सगळ्यांचे लक्ष जावे म्हणूनच ती लावलेली असते.

पुढच्या तोंडाचा व्यास ठरवताना मात्र आकड्यांपेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवावा. जाड पुठ्ठ्यातून ६४, ७६, ८९ आणि १०२ मिलिमीटर व्यासाच्या चार चकत्या कापाव्यात, त्यांवर स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद चिकटवावा आणि एकेक चकती टिपच्या जागी बंपरखाली चिकटपट्टीने टांगून चार-पाच मीटर मागे जाऊन पाहावी. जमल्यास उभे राहून आणि खाली वाकून, अशी दोन्हीकडून छायाचित्रे घ्यावीत. छोट्या हॅचबॅकच्या मागे १०२ मिलिमीटरची चकती कशी दिसते हे एकदा पाहिले की वेगळे काही सांगावे लागत नाही. सर्वसाधारण अनुभव असा की नळीच्या व्यासाच्या साधारण पावणेदोनपट तोंड शोभून दिसते. आपल्या गाडीला म्हणूनच मी ७० ते ७६ म्हटले. त्याहून मोठे तोंड घेतले की आणखी एक गोष्ट उघडी पडते: मागून पाहणाऱ्याला रुंद चकचकीत कड्याच्या आत दडलेली बारीक, काळवंडलेली मूळ नळी सरळ दिसते. तोंड तिरके कापलेले असेल तर ती अधिकच दिसते. टिपची लांबी १५० मिलिमीटरच्या आसपास असली आणि आतली बाजू गडद असली, तर मूळ नळी सावलीत राहते.

वजनही लक्षात घ्यावे. १०२ मिलिमीटर तोंडाची आणि २०० मिलिमीटर लांबीची दुहेरी भिंतीची टिप सहज किलोभर भरते, आणि हे वजन नळीच्या अगदी टोकाला, म्हणजे जिथे तरफेसारखा जोर सर्वांत जास्त पडतो तिथे लटकते. सायलेन्सर गाडीच्या तळाला रबरी हँगरांनी टांगलेला असतो. आठ वर्षांच्या गाडीत ही रबरे ताणलेली, भेगाळलेली असण्याची शक्यता बरीच आहे. टिप विकत घेण्याआधी ती पाहून घ्यावीत, आणि शंका वाटली तरी बदलावीत. खर्च किरकोळ आहे, पण जुनी रबरे तशीच ठेवून टिप बसवली आणि नंतर ती बदलली, तर सायलेन्सर वर उचलला जातो आणि बंपरशी जुळवलेले सगळे अंतर बिघडते.

आपली नळी खाली वाकलेली आहे, ही आपल्या प्रकरणातली खरी अडचण. कंपनी असे टोक उगाच वाकवत नाही. बंपरची रचना करताना नळी दिसू नये हा हेतू असतोच, शिवाय गरम वायू, काजळी आणि पाण्याचे थेंब बंपरपासून दूर, जमिनीकडे जावेत हाही असतो. अशा नळीवर सरळ टिप चढवली तर तिचे तोंड जमिनीकडे राहते आणि मागून फक्त तिची पाठ दिसते. यावर दोन मार्ग आहेत. पहिला, मागचे टोक आधीच बाक दिलेली टिप मिळते ती घ्यावी, म्हणजे नळी वाकलेली राहूनही टिपचे तोंड मागे येते. दुसरा, वाकलेला तुकडा कापून काढावा. कापण्याआधी पाहावे की बाक सुरू होण्यापूर्वी निदान ५० मिलिमीटर सरळ नळी हाती लागते का, कारण तेवढी पकड नसेल तर टिप डुगडुगणार. तेवढी सरळ नळी नसेल तर कापण्याच्या फंदात पडू नये आणि बाकदार टिपच घ्यावी. एकदा कापलेली नळी लांब करायची म्हणजे वेल्डिंग आलेच.

कापताना एका गोष्टीत हयगय नको. टिप लावल्यानंतर नळीचे अंतिम तोंड बंपरच्या कडेच्या आत, गाडीच्या तळाखाली राहता कामा नये. जळलेल्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो; त्याला रंग नाही, वास नाही. तोंड तळाखाली राहिले तर थांबलेल्या गाडीखाली हा वायू साचतो आणि तळाच्या भेगांतून किंवा डिकीच्या झिजलेल्या रबरी पट्टीतून आत शिरू शकतो. मागच्या सीटवर मुले बसतात, म्हणून हे मी विशेष काळजीने सांगतो आहे. टिपचा आणि नळीचा सांधाही तोंडापासून फार आत नसावा.

मग टिप नेमकी कुठे असावी? बंपरच्या कडेपासून १० ते २० मिलिमीटर बाहेर, त्याहून जास्त नाही. आत राहिली तर गरम वायू बंपरच्या खालच्या कडेला चाटत राहतो. बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीनच्या मिश्रणाचे असतात, जे १६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडू लागते. लांब चढावर भरलेली गाडी जोरात चालवली तर वायू त्याहून गरम असू शकतो. उलट, टिप फार बाहेर आली तर डिकीतून सामान काढणाऱ्याच्या पोटरीला ती लागते. मुलांची उंची पाहता तापलेल्या टिपची कड त्यांच्या पायाच्या किंवा हाताच्याच पातळीवर येते, म्हणून मी दुहेरी भिंतीच्या आणि आत वळवलेल्या गोल कडेच्या टिपचा आग्रह धरतो आहे: दोन भिंतींमधल्या हवेमुळे बाहेरची भिंत तुलनेने कमी तापते आणि गोल कड कापत नाही. वाहनाच्या बाहेर आलेल्या भागांबाबत संयुक्त राष्ट्रांचा जो नियम क्रमांक २६ आहे, त्यातही अशा भागांची कड किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येने गोल असावी ही मूळ अपेक्षा आहे. गाडीत मागे अंतर मोजणारे सेन्सर असतील तर टिप त्यांच्या टप्प्यात येत नाही ना, टोइंगचा हुक लावण्याची जागा झाकली जात नाही ना, आणि खालच्या बाजूला स्टेपनी असेल तर ती काढता येते ना, हेही एकदा पाहावे. टिप नळीच्या पातळीपेक्षा फार खाली लोंबत असेल तर उंच गतिरोधकावर किंवा उतारावरून रस्त्यावर येताना ती घासते.

बंपर आणि टिप यांच्यात बाजूंनी निदान १५ मिलिमीटर आणि वर २० मिलिमीटर जागा सुटली पाहिजे. गाडी गार आणि बंद असताना हे अंतर उगाच मोठे वाटते, म्हणून अनेक जण ते कमी करतात. पण सायलेन्सरची मांडणी स्थिर नसते. तीन मीटर लांबीची पोलादी नळी सरासरी २०० अंशांनी तापली तर ती जवळपास ७ मिलिमीटर लांबते, आणि पुढचे टोक इंजिनाला बांधलेले असल्यामुळे ही वाढ मागच्या टोकाकडे येते. त्यात गिअर टाकताना आणि सोडताना इंजिन हलते, खड्ड्यात रबरांवर सायलेन्सर झुलतो. हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर टिपच्या वर आणि बाजूला बंपरवर कागदी चिकटपट्टीचे तुकडे लावून टिपच्या कडेच्या रेषेत पेन्सिलीने खुणा कराव्यात, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक लावून सुरू करावी आणि घरातल्या कुणाला तरी ॲक्सिलरेटर हलकेच दाबून सोडायला सांगावे. आपण गाडीच्या बाजूला, वायूच्या झोतापासून दूर आणि मोकळ्या हवेत उभे राहून टिप खुणेपासून किती सरकते ते पाहावे. तशीच तपासणी अर्धा तास गाडी चालवून आल्यावर, नळी गरम असताना हात न लावता पुन्हा करावी. टिपची अंतिम जागा या दुसऱ्या तपासणीनंतरच पक्की करावी.

धातूबद्दल थोडक्यात. आपल्या हातात असलेली टिप बहुधा साध्या पोलादावर क्रोमचा मुलामा दिलेली असावी. नवी असताना ती स्टेनलेसपेक्षाही चमकते, पण एका खड्याने मुलाम्याला टवका गेला की खालून गंज सुरू होतो आणि मुलामा पापुद्र्यांसारखा सुटतो. आतली बाजू तर आणखी लवकर जाते, कारण तिथे मुलामा पातळ असतो आणि सतत ओल असते: एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास तितकेच पाणी तयार होते, आणि गार नळीत त्याचे थेंब साचतात. ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. त्याला वरचा मुलामा नसल्यामुळे ओरखडा उठला तरी तो घासून काढता येतो. ४०९ दर्जाचे स्टेनलेस सायलेन्सरच्या नळ्यांसाठी वापरतात, पण त्यात क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपासच असते आणि वरवरचा तांबूस गंज त्यावर धरतो, म्हणून दिसणाऱ्या टिपसाठी ते नको. काळ्या रंगाचा थर दिलेली टिप गडद रंगाच्या गाडीवर सुंदर दिसते आणि काजळी लपवते. तिला फक्त खडबडीत काहीही लावायचे नाही, एवढे पथ्य पाळावे. तळाच्या बाजूला पाणी निथळायला बारीक छिद्र असलेली टिप मिळाली तर तीच निवडावी.

आता मित्राच्या सल्ल्याकडे. वेल्डिंग केलेली टिप हलत नाही आणि सांधा सुबक दिसतो, हे खरे आहे. नव्या स्टेनलेस सायलेन्सरवर, कुशल कारागिराकडून आर्गन वेल्डिंग करून घेणे हा उत्तम मार्ग आहे. आपली नळी मात्र आठ वर्षांची आणि गंजलेली आहे. गंजून पातळ झालेल्या पत्र्यावर ठिणगी पडली की भोक पडते, आणि साध्या पोलादाला स्टेनलेस जोडायचे तर ३०९ प्रकारची वेगळी वेल्डिंग सळी लागते, जी प्रत्येक गॅरेजमध्ये असतेच असे नाही. नळीचा मागचा भाग उतरवून न घेता गाडीवरच वेल्डिंग केले तर प्लास्टिकचा बंपर, रबरी हँगर आणि अनेक गाड्यांत जवळच असलेली पेट्रोलची टाकी, हे सगळे त्या ठिणग्यांच्या टप्प्यात येते. बॅटरीची ऋण तार न काढता वेल्डिंग केल्यास गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला धोका असतो, तो वेगळाच. आणि एवढे करून वर्ष-दोन वर्षांत सायलेन्सर बदलायची वेळ आली की टिपही त्याच्याबरोबर जाते. क्लॅम्पची टिप काढून नव्या सायलेन्सरवर लावता येते.

क्लॅम्प म्हणजे टिपच्या मागच्या टोकाला चिरा पाडलेल्या असतात आणि त्यावरून स्टेनलेसची पट्टी आवळली जाते, तो प्रकार. पकड नळीच्या सगळ्या घेरावर सारखी पडते. बोल्टची टिप मापाला बरोबर असेल तर तीही चालते, पण बोल्टचे टोक पातळ नळीत रुतून भोक पाडते, म्हणून आपल्याला मी ती सुचवत नाही. बोल्ट कोणताही असो, आट्यांना निकेलचे अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारे वंगण, लावावे. स्टेनलेसचा बोल्ट स्टेनलेसच्या नटमध्ये तापून असा घट्ट धरतो की पुढे तो तोडूनच काढावा लागतो. आत नायलॉनचे कडे असलेले लॉकनट इथे वापरू नयेत, कारण ते कडे साधारण १२० अंशांपलीकडे निकामी होते. पूर्ण धातूचा लॉकनट घ्यावा. काही जण इपॉक्सी गोंदाने टिप चिकटवतात. उष्णता, ओल आणि हादरे या तिन्हींपुढे तो सांधा टिकत नाही आणि टिप रस्त्यात गळून मागच्या वाहनासमोर पडते. तो विचारही करू नये.

प्रत्यक्ष बसवण्याचे काम तासाभराचे आहे. गाडी उचलावी लागली तर केवळ जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये, स्टँड लावावेत. नळीचा टिपखाली जाणारा भाग वायर ब्रशने आणि एमरी पेपरने स्वच्छ करून, तेलकटपणा पुसून घ्यावा. इथे एक काम जरूर करावे, ज्याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही: टिपच्या मागची दिसणारी नळी आणि सायलेन्सरची मागची बाजू ६०० अंशांपर्यंत टिकणाऱ्या उष्णतारोधक काळ्या मॅट रंगाने रंगवावी. बंपरला आधी कागद आणि चिकटपट्टीने झाकून घ्यावे. हा रंग पहिल्या काही वेळा नळी तापते तेव्हा पक्का होतो आणि त्या वेळी थोडा वास आणि धूर येतो, त्याने घाबरू नये. तळाचे सगळे काळ्यात विरून गेले की फक्त टिप उठून दिसते. नुसता हा रंग दिला आणि टिप लावलीच नाही, तरी आपली निम्मी तक्रार दूर होईल, असे मला वाटते. आधी तेवढेच करून आठवडाभर पाहायलाही हरकत नाही.

रंग वाळल्यावर टिप निदान ४० मिलिमीटर चढवावी, तिचे तोंड बंपरच्या खालच्या कडेला समांतर आहे का ते दूरून पाहून ठरवावे आणि क्लॅम्प हाताला बऱ्यापैकी घट्ट लागेल इतकाच आवळावा. वर सांगितलेली गरम तपासणी करून, गार झाल्यावर शेवटचा पाना मारावा. तिरक्या तोंडाची टिप असेल तर तिची लांब बाजू वर हवी. उलटी बसवलेली टिप बऱ्याच गाड्यांवर दिसते. साधारण २०० किलोमीटरनंतर क्लॅम्प पुन्हा एकदा आवळून पाहावा, त्यानंतर दर सर्व्हिसिंगला.

दुसऱ्या बाजूच्या टिपबद्दल माझे मत स्पष्ट आहे. तिला मागे नळी नसल्यामुळे ती बंपरला किंवा तळाच्या पत्र्याला स्क्रूने जोडावी लागते. गाडी चालू लागली की खरी टिप हलते, खोटी हलत नाही. महिन्याभरात खरी काळवंडते, खोटी लखलखीत राहते. थंड सकाळी एकीतून वाफ निघते, दुसरीतून काहीच नाही. आज काही कंपन्याच बंपरमध्ये नुसती शोभेची तोंडे बसवून खरी नळी आत दडवतात, तेही मला पटत नाही. दोन तोंडांचीच हौस असेल तर एका नळीला लागणारी, शेजारी-शेजारी दोन तोंडे असलेली टिप मिळते. मात्र तिच्यासाठी बंपरची खालची कड तेवढी रुंद आणि मोकळी हवी, आणि प्रत्येक तोंड ६४ मिलिमीटरच्या वर नको. आपल्या गाडीला मी एकच टिप लावीन.

स्वच्छता ही टिपच्या बाबतीत वरवरची गोष्ट नाही. काजळी आणि ओल आठवडेच्या आठवडे साचू दिली तर चांगल्या स्टेनलेसवरही डाग बसतात. गाडी धुताना टिप गार असेल याची खात्री करून साबणाच्या पाण्याने आतून-बाहेरून पुसावी, महिन्या-दोन महिन्यांनी मेटल पॉलिश लावावे आणि कोरड्या मऊ कापडाने झिलई आणावी. घासण्यासाठी साधी लोखंडी तारेची घासणी वापरू नये. तिचे सूक्ष्म कण स्टेनलेसवर रुततात आणि पुढे तेच गंजतात, मग लोक स्टीलला दोष देतात. चाके धुण्याचे आम्लयुक्त द्रावणही टिपवर पडू देऊ नये. सतत जोरात चालवलेल्या गाडीत स्टेनलेसला सोनेरी छटा येते, ती उष्णतेमुळे आलेल्या ऑक्साइडच्या पातळ थराची असते आणि पॉलिशने जाते.

पुसताना कापडावर काय येते तेही पाहत जावे. पेट्रोल गाडीत कोरडी, करडी-काळी, बोटाला हलकी लागणारी थोडी काजळी येणे स्वाभाविक आहे, आणि थेट इंधन फवारणाऱ्या नव्या पेट्रोल इंजिनांत ती जास्तच असते. पुसल्यानंतर दोन-चार दिवसांत पुन्हा मखमलीसारखा जाड काळा थर बसत असेल, तर इंजिनात पेट्रोलचे प्रमाण जास्त जात असावे. एअर फिल्टर आणि ऑक्सिजन सेन्सर तपासून घ्यावेत. थर ओलसर, तेलकट असेल तर इंजिन ऑइल जळत असण्याची शक्यता आहे, आणि इंजिन पूर्ण तापल्यावरही पांढरी वाफ थांबत नसेल व तिला गोडसर वास येत असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) जळत असावे. या शेवटच्या दोन लक्षणांपैकी काहीही दिसले, तर टिपची खरेदी पुढे ढकलून आधी मेकॅनिककडे जावे.